पावणेचार फूट

गोल्फच्या होलचं तोंड सव्वाचार इंच रुंद असतं आणि चेंडू 1.68 इंचांचा. म्हणजे चेंडूच्या अडीचपट मोठं भोक. चेंडू जागेवर थांबलेला असतो. त्याला अडवायला कोणी नसतं, अंगावर धावून येणारं कोणी नसतं. हातात पटर, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलायची काठी (त्या फटक्याला पट म्हणतात), आणि समोर पावणेचार फूट बारीक कापलेलं गवत. बघणारा म्हणतो, यात काय आहे?

16 जून 2024 च्या रविवारी उत्तर आयर्लंडचा रोरी मॅकिलरॉय एवढ्याच अंतरावर उभा होता. यूएस ओपन, पाइनहर्स्टचं मैदान, शेवटचा दिवस, शेवटचा म्हणजे अठरावा होल (पहिल्या टोल्यापासून भोकापर्यंतच्या पट्ट्यालाही होलच म्हणतात). पाच होल बाकी असताना त्याच्याकडे दोन फटक्यांची आघाडी होती, ती आता संपली होती. पट आत गेला असता तर मागून येणाऱ्या ब्रायसन डिशँबोशी त्याची बरोबरी राहिली असती. चेंडू होलच्या कडेनं निसटला. दोन होल आधी, सोळाव्यावर, अडीच फुटांचा पटही असाच गेला होता. त्या हंगामात तोवर तीन फुटांच्या आतले 496 पट त्यानं मारले होते आणि 496 च्या 496 आत गेले होते.

मागच्या जोडीत डिशँबोचा चेंडू अठराव्यावर बंकरमध्ये पडला, होलपासून 55 यार्डांवर. वाळूतून एवढ्या लांब मारणं हा गोल्फमधल्या सगळ्यांत अवघड फटक्यांपैकी एक. त्यानं तो चारेक फुटांवर आणून ठेवला आणि पट घातला. म्हणजे शेवटी दोघांपुढे जवळजवळ सारखाच पट आला. एकाचा गेला, एकाचा नाही गेला. 274 आणि 275. मॅकिलरॉय पत्रकारांशी एक शब्द न बोलता गाडीत बसून निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून जगभर एकच शब्द सुरू झाला: चोक, म्हणजे दडपणाखाली ढेपाळणं. मॅकिलरॉय चोक झाला. त्या शब्दाचा मला फार राग आहे, आणि हा लेख मुख्यतः त्या रागापोटी लिहितो आहे.

गोल्फ मी खेळत नाही. नोकरीची सुरुवातीची वर्षं पुण्यात गेली, येरवड्याच्या गोल्फ कोर्सच्या बाजूला. संध्याकाळी चहाच्या टपरीवर कॅडी मंडळी यायची. दिवसभर दुसऱ्याची बॅग खांद्यावर घेऊन चालणारी पोरं, पण खेळाची जाण अशी की ऐकत राहावं. ग्रीनचा, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताचा, उतार कुठून कुठं आहे, दुपारनंतर गवत कसं चेंडू धरतं, कोणता साहेब शेवटच्या तीन होलवर बोलायचा बंद होतो, सगळं त्यांना ठाऊक. त्यांचा देव अली शेर. दिल्लीच्या कोर्सवर कॅडी म्हणून सुरुवात केलेला हा माणूस 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकला आणि 1993 मध्ये परत जिंकला. पुढे 2009 मध्ये बंगळुरूचा चिन्नास्वामी मुनियप्पा, तोही मूळचा कॅडीच, हीच स्पर्धा प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा खेळात, जिंकला. तोवर मी नाशिकला आलो होतो, पण बातमी वाचल्यावर पहिली आठवण झाली ती त्या टपरीची.

त्या पोरांनी मला एक गोष्ट शिकवली. त्यांना कुणाचा हुकलेला पट विचारला तर ते आधी विचारायचे, "कितव्या दिवशीचा?" पहिल्या दिवशीचा पट आणि चौथ्या दिवशीचा पट त्यांच्या हिशेबी एकच. बॅग उचलणाऱ्याला चारही दिवस तेवढंच ओझं असतं, म्हणून त्यांना ते सहज दिसत असावं. टीव्हीवर बघणाऱ्याला दिसत नाही, कारण टीव्ही त्याला शेवटचं दाखवतो.

माझा भाचा वैभव दोन खोल्यांपलीकडे राहतो, म्हणजे आमच्याच घरात. निफाड तालुक्यातून आला, अशोक स्तंभाजवळच्या एका अभ्यासिकेत बसतो, स्पर्धा परीक्षा देतो. पंडित कॉलनीत, गंगापूर रोडला, कॉलेज रोडला अशी पोरं-पोरी पहाटे सहापासून पाठीला सॅक लावून चालताना दिसतात. नाशिकला बाहेरून येणाऱ्यांना द्राक्षं, गोदावरी, मिसळ दिसते. मला मात्र हे शहर या पोरांचं वाटतं.

वैभवची कंबाइनची, म्हणजे एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेची, पूर्व एका मार्कानं गेली.

ताईचा गावाकडून फोन आला तेव्हा तिचं पहिलं वाक्य हेच होतं: "एका मार्कानं गेलं रे पोराचं." मग भाऊजी तेच म्हणाले, अभ्यासिकेतली पोरं तेच म्हणाली, सोसायटीत ज्यांना कळलं ते तेच म्हणाले. एकच मार्क! प्रत्येकानं प्रेमानंच म्हटलं. पण ऐकणाऱ्याच्या मनात त्यानं काय होतं, ते मी घरात बघत होतो. वैभव प्रश्नपत्रिका काढून बसायचा. एक प्रश्न त्यानं हेरून ठेवला होता. दोन पर्यायांत अडकून, शेवटच्या मिनिटाला त्यानं चुकीचा गोल काळा केला होता. बरोबरचा केला असता तर एक मार्क मिळाला असता आणि चुकल्याबद्दल कापलेला पावही वाचला असता. झालं. सगळं आयुष्य त्या गोलात जाऊन बसलं. बाकीचे 99 प्रश्न त्याच्या लेखी उरलेच नव्हते.

मी त्याला काही समजावलं नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला समजावणं हा प्रकार मला जमत नाही आणि त्यांना तो आवडतही नाही. मी त्याला गोल्फ दाखवायला लागलो.

गोल्फचं कार्ड फार सरळ असतं. चार दिवस, रोज 18 होल, एकूण 72. प्रत्येक फटका एक. तीनशे यार्ड लांब गेलेला टोलाही एक आणि दोन इंचांचा पटही एक. ज्याचे कमी फटके तो जिंकला. क्रिकेटमध्ये शेवटच्या षटकात गोलंदाज तुमचं काहीतरी करतो, कबड्डीत समोरचा तुम्हाला पकडतो. इथं समोरचा तुमच्या चेंडूला हातसुद्धा लावू शकत नाही. त्यामुळे हरलेल्या माणसाला बोट दाखवायला कोणी सापडत नाही आणि तो स्वतःकडेच दाखवतो. शेवटच्या पटाकडे. पण 275 फटक्यांतला तो एक फटका आहे. उरलेल्या 274 पैकी कुठलाही एक कमी झाला असता तरी बरोबरी झालीच असती. गुरुवारी दुपारी कुणाचं लक्ष नसताना झुडपात गेलेला चेंडूही तेवढाच महाग पडतो.

हे सांगताना मी वैभवला दोन जुन्या गोष्टी सांगितल्या. दोन्ही मला मनापासून प्रिय आहेत.

पहिली बॉबी जोन्सची. 1925 ची यूएस ओपन. फटका मारायच्या तयारीत असताना त्याचा चेंडू गवतात किंचित हलला. दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. जोन्सनं स्वतःच पंचांना सांगून स्वतःवर एक फटक्याचा दंड लावून घेतला. चार फेऱ्यांअखेर त्याची विली मॅकफार्लेनशी बरोबरी झाली. 18 होलचा प्लेऑफ झाला, तोही बरोबरीत सुटला. मग आणखी 18, त्यात जोन्स एका फटक्यानं हरला. तो दंड घेतला नसता तर प्लेऑफची वेळच आली नसती. पुढे याच जोन्सनं जॉर्जियात ऑगस्टा नॅशनल उभारलं आणि 1934 पासून तिथं जी स्पर्धा सुरू झाली ती आजची मास्टर्स.

दुसरी त्याच ऑगस्टाची, 14 एप्रिल 1968 ची. अर्जेंटिनाचा रोबेर्तो दे विचेन्सो, त्या दिवशी त्याचा 45 वा वाढदिवस. शेवटच्या दिवशी तो 65 खेळला आणि बॉब गोल्बीशी 277 वर बरोबरी झाली. पण गोल्फमध्ये तुमचं कार्ड सोबतचा खेळाडू लिहितो. त्यानं सतराव्या होलवर 3 च्या जागी 4 लिहिले होते, आणि दे विचेन्सोनं न बघता सही केली. नियम असा की जास्त लिहून सही केली तर तेच धरायचं. 66. एकूण 278. प्लेऑफ झालाच नाही. सगळ्या जगानं टीव्हीवर तीन फटके पाहिले होते, कार्डावर चार होते. दे विचेन्सोनं कुणाला दोष दिला नाही, स्वतःलाच मूर्ख म्हटलं.

वैभवनं ही दुसरी गोष्ट ऐकून बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "मामा, हा माणूस नंतर खेळला का?" खेळला. आधीच्याच वर्षी तो ब्रिटिश ओपन जिंकलेला होता, आणि त्यानंतरही अनेक वर्षं खेळत राहिला.

आता चोक या शब्दाकडे येतो. जगातले उत्तम व्यावसायिक खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात. चार-पाच फुटांवरूनही काही हुकतातच. मग शेवटच्या होलवर एखादा हुकला की त्याचाच अर्थ मनाचा कमकुवतपणा कसा होतो? डग सँडर्स 1970 च्या ब्रिटिश ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजवर तीन फुटांहून जवळचा पट हुकला आणि दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये जॅक निकलसकडून हरला. टॉम वॉटसन त्याच स्पर्धेत 2009 मध्ये टर्नबेरीला, वयाच्या 59 व्या वर्षी, शेवटच्या होलवर पार केला असता, म्हणजे त्या होलला ठरलेल्या फटक्यांत चेंडू घातला असता, तर जिंकला असता. पट हुकला आणि स्ट्युअर्ट सिंककडून प्लेऑफमध्ये हरला. या माणसांची नावं आपल्याला ठाऊक आहेत ती ते तिथवर पोचले म्हणून. त्या स्पर्धांमध्ये शंभराहून जास्त खेळाडू होते. बाकीच्यांना तो पट हुकायची संधीच मिळाली नाही. त्यांना कोणी चोक म्हणत नाही.

मनाचा भाग नसतो असं मी म्हणत नाही. नाशिकमध्ये राहून तसं म्हणताच येणार नाही. भीष्मराज बाम इथले. पोलीस सेवेतले अधिकारी, नेमबाजीचे प्रशिक्षक, योगाचा आधार घेऊन खेळाडूंच्या मनाची तयारी करून घेणारे. 2017 मध्ये ते गेले. नेमबाजीही स्थिर खेळ. लक्ष्य हलत नाही, कोणी अडवत नाही, आणि म्हणूनच विचारांना भरपूर जागा मिळते. गोल्फचा एक फेरा चार-साडेचार तास चालतो, त्यात प्रत्यक्ष चेंडूला काठी लागण्याचा वेळ काही सेकंदांचा. बाकी सगळं चालणं. आधीचा फटका डोक्यात घेऊन पुढच्याकडे चालत जाणं. मॅकिलरॉयसारख्या माणसाला हे चालणं किती वर्षं करावं लागलं, त्याचा विचार केला की मला त्याच्याबद्दल माया वाटते.

2011 मध्ये, 21 वर्षांचा असताना, मास्टर्सच्या शेवटच्या दिवशी त्याच्याकडे चार फटक्यांची आघाडी होती. दहाव्या होलवर त्याचा चेंडू डावीकडे झाडांमध्ये, कॉटेजांपाशी गेला. तिथं चारच्या जागी सात झाले आणि दिवसाअखेर 80. दोनच महिन्यांनी तो यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकला, हे लोक विसरतात. गोल्फच्या चार सगळ्यांत मोठ्या स्पर्धांना मेजर म्हणतात. 2014 च्या ऑगस्टपर्यंत त्यानं चार मेजर जिंकल्या होत्या, त्यातली एक दोनदा, फक्त मास्टर्स राहिली होती. ती मिळाली की चारही मेजर जिंकणाऱ्यांत तो जाणार होता: जीन सॅराझेन, बेन होगन, गॅरी प्लेअर, जॅक निकलस, टायगर वूड्स, आणि मग तो. त्यानंतर दहा वर्षं एकही मेजर नाही. आणि त्या दहा वर्षांच्या शेवटाला पाइनहर्स्टचे ते पावणेचार फूट.

13 एप्रिल 2025 च्या रविवारी रात्री मास्टर्सच्या शेवटच्या दिवसासाठी आम्ही दोघं जागलो. शेवटची जोडी आपल्या वेळेनं रात्री बाराला सुटणार होती. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी, अभ्यासिकाही उशिरा उघडणार, त्यामुळे वैभव मोकळा होता. बायकोनं थर्मासमध्ये चहा करून ठेवला आणि ती झोपायला गेली.

मॅकिलरॉय दोन फटक्यांनी पुढे होता आणि सोबतीला जोडीदार नेमका डिशँबो. पहिल्याच होलवर डबल बोगी, म्हणजे पारपेक्षा दोन फटके जास्त. आघाडी गेली. दुसऱ्या होलनंतर डिशँबो एकानं पुढे. वैभव म्हणाला, "गेलं, मामा." मी काहीच बोललो नाही. मलाही तसंच वाटलं होतं. तिसऱ्या-चौथ्यावर मॅकिलरॉयनं लागोपाठ दोन बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) घेतल्या, नवव्या-दहाव्यावर परत दोन. दहावा म्हणजे तोच, 2011 वाला. आता तो 14 अंडर, म्हणजे एकूण पारपेक्षा 14 फटके कमी, होता आणि दोन-अडीचच्या सुमाराला मला वाटलं की झोपलो तरी चालेल.

अकराव्यावर एक फटका गेला. मग तेरावा. पाच पारचा होल, पाण्याचा धोका टाळून त्यानं चेंडू आधी सुरक्षित जागी आणला. राहिला वेजचा, म्हणजे जवळून चेंडू उंच उडवायच्या काठीचा, छोटासा फटका. असा फटका हे खेळाडू झोपेत मारतील. तो उजवीकडे सुटला, ग्रीनच्या अलीकडे पडला आणि घरंगळत ओढ्यात. दिवसातली दुसरी डबल बोगी. चौदाव्यावर बोगी, पारपेक्षा एक जास्त. पुढे कुठल्यातरी जोडीत इंग्लंडचा जस्टिन रोझ एकामागून एक बर्डी घेत सुटला होता. दिवसभरात त्याच्या दहा बर्डी झाल्या. शेवटची अठराव्यावर, वीसेक फुटांवरून. 66 मारून तो 11 अंडरवर थांबला आणि वाट बघत बसला.

पंधराव्यावर मॅकिलरॉयनं झाडांच्या कडेनं वळवून जो सात नंबरचा आयर्न मारला तो मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही. चेंडू सहा फुटांवर. ईगलचा (पारपेक्षा दोन कमी) पट हुकला, बर्डी मिळाली. सतराव्यावर दुसरा फटका होलपासून हातभर अंतरावर. आता एकानं पुढे. अठराव्यावर फक्त पार करायचा. फेअरवेच्या मध्यावर चेंडू, हातात वेज, आणि तो बंकरमध्ये गेला. वाळूतून छान काढला. राहिले पाच फूट.

हुकला.

वैभव उभाच राहिला होता. त्यानं टीव्हीकडे पाठ केली आणि खिडकीपाशी गेला. मला माहीत होतं तो काय बघत होता. तो काळा केलेला गोल.

277 आणि 277. मॅकिलरॉयचे 72, 66, 66, 73. रोझचे 65, 71, 75, 66. दे विचेन्सोच्या वर्षीचाही आकडा 277 होता, हे मला तेव्हाच आठवलं, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

प्लेऑफ अठराव्यावरच. म्हणजे ज्या ग्रीनवर आत्ता पट हुकला तिथंच परत यायचं. टीकडे, म्हणजे पहिला टोला मारायच्या जागेकडे, गाडीतून जाताना मॅकिलरॉयसोबत त्याचा कॅडी होता, हॅरी डायमंड, लहानपणापासूनचा मित्र. इतकी वर्षं या हॅरीवर टीका होत आली की रोरीनं मित्राऐवजी अनुभवी कॅडी घ्यायला हवा. हॅरी त्याला त्या गाडीत काय म्हणाला ते मॅकिलरॉयनं नंतर सांगितलं: सोमवारी सकाळी कुणी आपल्याला हे दिलं असतं तर आपण घेतलंच असतं. बस, एवढंच. आठवड्याच्या सुरुवातीला कोणी म्हणालं असतं की रविवारी संध्याकाळी तू मास्टर्सच्या प्लेऑफमध्ये असशील, तर आपण हो म्हटलं असतं की नाही? त्याच्या हातातून आत्ता काय गेलं हे हॅरीनं काढलंच नाही, हातात काय आहे ते दाखवलं. येरवड्याच्या टपरीवरची पोरं असंच काहीतरी बोलली असती.

रोझचा दुसरा फटका ग्रीनवर, पंधराएक फुटांवर. मॅकिलरॉयचा त्याच वेजनं, उतारावरून मागे येत येत तीन-चार फुटांवर. रोझचा पट गेला नाही. आणि मग परत ते अंतर. पाइनहर्स्टचं अंतर.

आत गेला. तो गुडघ्यावर पडला आणि कपाळ जमिनीला लावून रडला. आमच्याकडे पहाटेचे पावणेपाच वाजत आले होते. वैभवनं मला हात धरून उठवलं आणि म्हणाला, "मामा, त्यानं आठवड्यात चार डबल बोगी केल्यात. मोजल्यात मी." बरोबर होतं. गुरुवारी पंधराव्यावर एक, सतराव्यावर एक, रविवारी दोन. चार डबल बोगी करून मास्टर्स जिंकलेला तो पहिलाच.

झोप येणार नव्हती. शरणपूर रोड ओलांडून गोल्फ क्लब मैदानावर फिरायला गेलो. मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, तिथं रणजीचे सामने होतात, ट्रॅकवर पहाटेपासून चालणाऱ्यांची गर्दी असते. रस्त्यात चौकाचौकांत निळे झेंडे लागले होते, मंडप उभे राहत होते, कुठंतरी साउंडची तपासणी सुरू होती. फेऱ्या मारता मारता वैभव हिशेब करत होता. रोझनं शनिवारी 75 मारले. ते 74 झाले असते तर प्लेऑफच नसता. मॅकिलरॉयनं गुरुवारी पंधराव्यावर पाण्यात घातला नसता तरीही नसता. रोझला शनिवारचा कुठला होल लागत असेल? का त्याला तो प्लेऑफचा पटच लागत असेल?

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"त्याला पटच लागणार," वैभव म्हणाला. "पण कार्डात तसं नाहीये."

त्यानंतर घरात ती प्रश्नपत्रिका मला दिसली नाही. कुठं ठेवली ते मी विचारलं नाही. बाहेर "एका मार्कानं गेलं" हे अजून ऐकू येतं. ताई म्हणते, भाऊजी म्हणतात. मी मात्र म्हणत नाही आणि माझ्यासमोर कुणी म्हटलं तर विषय बदलतो. शंभर प्रश्नांचा पेपर होता, पोरगं त्यातल्या कितीतरी प्रश्नांना अशा तयारीनं गेलं होतं की मला त्यातले निम्मेही येणार नाहीत.

आपल्याकडे एकदा सगळ्या देशानं हे अनुभवलं होतं. 7 ऑगस्ट 2021, टोकियो ऑलिंपिक. जागतिक क्रमवारीत 200 वी असलेली अदिती अशोक चारही दिवस पदकाच्या जवळ होती. बॅग उचलायला आई. ज्यांनी आयुष्यात गोल्फ पाहिला नव्हता ते पहाटे उठून बर्डी म्हणजे काय ते एकमेकांना विचारत होते. मध्ये वादळामुळे खेळ थांबला. शेवटच्या होलवरचा तिचा बर्डीचा पट गेला नाही आणि ती एका फटक्यानं चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्रानं भाला फेकला आणि सुवर्ण आलं, त्या आनंदात अदिती मागे पडली. मला ते आजही लागतं. पदक नाही म्हणून तिचा तो आठवडा लहान होत नाही. 200 व्या क्रमांकाची मुलगी त्या चार दिवसांत ऑलिंपिक पदकापासून फक्त एका फटक्यानं मागे होती, हे सांगताना आपला आवाज खाली का जावा?

आणि रोझ. 2013 ची यूएस ओपन आणि 2016 चं ऑलिंपिक सुवर्ण त्याच्या नावावर आहे, पण मास्टर्सच्या प्लेऑफमध्ये तो दोनदा हरला, 2017 मध्ये सर्जिओ गार्सियाकडून आणि 2025 मध्ये मॅकिलरॉयकडून. असं दोनदा हरलेला याआधी एकटा बेन होगन. त्या रात्री त्यानं मॅकिलरॉयला मिठी मारली, ती खोटी नव्हती. शेवटच्या दिवशी दहा बर्डी घेणाऱ्या माणसाला हरलेला म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्याच वर्षातला एक धागा वैभवनंच शोधून काढला. मार्चमध्ये प्लेअर्स चॅम्पियनशिपच्या प्लेऑफमध्ये जे. जे. स्पॉन मॅकिलरॉयकडून हरला. जूनमध्ये ओकमाँटला, पावसात, शेवटच्या होलवर 64 फुटांचा पट घालून तोच स्पॉन यूएस ओपन जिंकला. आणि ऑगस्टमध्ये मेम्फिसला स्पॉन परत प्लेऑफमध्ये होता, समोर रोझ. वय 45. वैभवचा अभ्यासिकेतून मेसेज आला: "रोझ जिंकला मामा, तिसऱ्या प्लेऑफ होलवर."

मी त्याला लिहिलं की मेम्फिस म्हणजे ऑगस्टा नव्हे, मास्टर्स जिंकणाऱ्याला मिळणारा हिरवा कोट त्याच्याकडे अजून नाहीच. यावर त्याचा फोनच आला. पाच मिनिटं तो माझ्याशी भांडला. त्याचं म्हणणं की पंचेचाळिसाव्या वर्षी, चार महिन्यांपूर्वी तसं झालेलं असताना, परत प्लेऑफच्या टीवर जाऊन उभं राहायचं आणि तीन होल खेळायचं, हे मोजायला कोट कशाला लागतो. माझं म्हणणं की रोझला स्वतःला कोट हवा असणार, आणि ते हवं असणं आपण त्याच्यापासून काढून घेऊ नये. आमचं अजून एकमत झालेलं नाही. पुढची मास्टर्स लागली की रोझच्या बाजूनं तो बसणार आणि मॅकिलरॉयच्या बाजूनं मी.